सगळीच रोपं ठेवायची नसतात गं

परड्यात न लावता टोमॅटो उगवला म्हणून कुणी एवढं भांबावतं होय? मृगाचे दोन पाऊस झाले की हुपरीतल्या निम्म्या परड्यांत हेच दिसतं बघ. मेथीच्या वाफ्यात टोमॅटो, कढीपत्त्याच्या बुडात टोमॅटो, मोरीच्या तोंडाशी तर विचारूच नकोस. सासूबाई म्हणतात, आपल्या पायानं आलंय, ठेव. नवरा म्हणतो, तण आहे, उपट. आणि तुझ्यापुढं घुंगरं लावायच्या पैंजणांचा ढीग पडलाय, पोरांची शाळा नुकती सुरू झालीय, त्यात ही बिनबोलावलेली रोपं. तुझा जीव मेटाकुटीला आला असणार, मला कळतं ते.

खरं सांगू का? दोघांचंही निम्मं-निम्मं ऐक. चार-पाच रोपं ठेव, बाकीची बिनदिक्कत उपट. तुला द्यायचं उत्तर एवढंच आहे. पण कुठली चार ठेवायची, हे नीट समजून घे, म्हणजे उपटताना हात अडखळायचा नाही.

आधी ही आली कुठनं ते ऐक. तूच आणलीस. एका टोमॅटोत शे-दीडशे बिया सहज असतात. मऊ पडलेला, बूड काळं झालेला एखादा टोमॅटो भाजीच्या देठांबरोबर कढीपत्त्याच्या बुडात टाकलास आणि विसरून गेलीस. बीभोवती तो बुळबुळीत गर असतो ना, तो बीला फळाच्या आत रुजू देत नाही. फळ कुजलं, आंबलं की तो गर विरतो आणि बी मोकळं होतं. मग ऊब आणि ओल मिळायचा अवकाश, आठ-दहा दिवसांत कोंब वर. म्हणून तर उकिरड्याजवळ आणि शेणखत टाकलेल्या वाफ्यात ही रोपं हमखास येतात.

आणि हे बी असं चिवट की पोटात जाऊनही मरत नाही. हसू नकोस, एक गंमत सांगते. आइसलंडजवळ १९६३ साली समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि सुर्त्से नावाचं नवं कोरं बेट तयार झालं. उघड्या खडकावर झाडं-पाखरं आपली आपण कशी येतात ते बघायला तिथं फक्त शास्त्रज्ञांनाच जाऊ देत. तर एकदा त्या बेटावर टोमॅटोचं रोप सापडलं! सगळे चक्रावले. शोध घेतला तेव्हा कळलं की कुणीतरी अभ्यासकच आडोशाला जाऊन पोट मोकळं करून आला होता. मग काय, रोप उपटलं आणि जागा साफ केली. तेव्हा तुझ्या मोरीच्या तोंडाशी टोमॅटो का उगवतो, याचं नवल नको करूस.

आता मोजणी करण्याआधी ओळख पटवून घे. दोन पानांवर असताना टोमॅटो, मिरची, वांगं सगळी भावंडं सारखीच दिसतात. ती पहिली लांबट, गुळगुळीत पानं सोडून दे, त्यानंतर येणारी पानं बघ. टोमॅटोचं पान कातरलेलं असतं, देठावर बारीक पांढरी लव असते. मिरचीचं पान सरळ कडेचं आणि चकचकीत. तरीही शंका असेल तर पान दोन बोटांत चुरड आणि हुंग. तो उग्र, हिरवा वास एकदा नाकात बसला की जन्मात विसरायची नाहीस. पाच-दहा मिनिटं त्या रोपांत हात घाल आणि मग बोटं बघ. हिरवट-काळपट थर चढलेला असतो, आणि साबण लावलास की फेस पिवळाजर्द होतो, जणू पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळून आलीस. असा पिवळा फेस निघाला तर समज, रोप बहुधा टोमॅटोचंच.

एवढं बजावून सांगतेय कारण परड्यात त्याचे सोयरे पण उगवतात. कामोणी असते, तिला बारकी पांढरी फुलं आणि काळी मण्यांएवढी फळं येतात. धोत्रा असतो, त्याचं पान मोठं आणि फूल पांढरं कर्ण्यासारखं. (मी नवी नवरी असताना महिनाभर कौतुकानं धोत्र्याला पाणी घातलंय, फूल आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. सांगू नकोस कुणाला.) टोमॅटोचं फूल कायम पिवळं. पांढरं किंवा जांभळं फूल आलं की ते झाड दुसऱ्या कुणाचं तरी, आणि ओळख पटेपर्यंत त्याच्या फळाला पोरांचा हात लागू द्यायचा नाही.

आता तुझी खरी धास्ती. "ताई, आपसूक आलेल्या झाडाचं फळ खाल्लं तर चालतं का?" चालतं गं, बिनघोर खा. टोमॅटोचं फूल आपल्या आपणच फळ धरतं, दुसऱ्या झाडाचा पराग त्यात क्वचितच मिसळतो. त्यामुळं टोमॅटोच्या बीतून टोमॅटोच येणार. फक्त चव आणि आकार आईसारखाच असेल याची हमी नाही. बाजारात येणारा जाड सालीचा, चार दिवस टिकणारा टोमॅटो बहुतेक संकरित बियाण्याचा असतो. त्याच्या बीतून आलेल्या रोपांत कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर. एकाला लिंबाएवढी आंबट फळं, दुसऱ्याला चपटी आणि रसाळ. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' घे, तो संकरित वाण तीन-तीन रोगांना तोंड देणारा. पण त्याच्या बीतून आलेल्या रोपात ती ताकद तशीच उतरेल असं नाही. उलट राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'धनश्री', 'भाग्यश्री' किंवा जुना 'पुसा रूबी' हे सरळ वाण. त्यांचं बी पडून उगवलं तर लेक आईच्या वळणावर जाते. तुझ्या सासूबाईंच्या माहेरी तो आंबट, पातळ सालीचा गावठी टोमॅटो होता ना, आमटीत घातला की चिंच-कोकम लागायचं नाही, तो असाच वर्षानुवर्षं आपसूक उगवून टिकला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी तर असली गावरान बियाणी घराघरांतून गोळा करून बँकच उभी केली. तेव्हा आपसूक रोपाला अगदीच हलकं समजू नकोस.

पण एक गोष्ट गाठीला बांध. ही सवलत टोमॅटोपुरती. उद्या त्याच उकिरड्यावर दुधी, दोडका, काकडी नाहीतर भोपळ्याचा वेल आपसूक आला, तर आधी फळाचा बारीकसा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागला की थुंक आणि सगळं फळ टाकून दे, वेलच उपट. या वेलांत मधमाश्या परागाची सरमिसळ करतात आणि कधीकधी जुना रानटी कडूपणा उलटून येतो. तो कडूपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस औषध म्हणून पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात झाल्यात, त्यावर आयसीएमआरला, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. तेव्हा "कडू ते पथ्याला बरं" हे तिथं चालवायचं नाही, कळलं?

आता उपटायला बस. पहिलं बघायचं ते जागा. आणि इथं मी आपल्या हुपरीपुरतं बोलणार आहे, कारण हे बाहेरचा माणूस तुला सांगणार नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली चांदीचं काम. माल उजळायला तेजाब लागतं, आणि धुतलेलं पाणी कधी गटारात जातं तर कधी कुणी परड्याच्या कोपऱ्यात ओतून मोकळं होतं. त्यात आम्ल असतंच, शिवाय तांबं, जस्त असे धातू उतरलेले असतात. चांदी जोडायच्या डाकात कॅडमियम असेल तर ते त्याहून वाईट. ते मातीत ठाण मांडून बसतं, मुळांतून झाडात चढतं आणि माणसाच्या मूत्रपिंडाचं नुकसान करतं. म्हणून जिथं असलं पाणी आत्ता पडतं, किंवा तुझ्या सासऱ्यांच्या वेळी पडायचं, तिथलं रोप कितीही रसरशीत दिसू दे, उपट. तिथं मेथी-पोकळाही लावू नकोस, पालेभाजी तर असले धातू जास्तच ओढते. त्या कोपऱ्यात जास्वंद लाव, मोगरा लाव. आणि तिथली उपटलेली रोपं खताच्या खड्ड्यात टाकू नकोस.

मोरीच्या तोंडाशी आलेली रोपंही घालव. कपड्याच्या सोड्या-साबणाचं पाणी त्यांना रोज मिळतं आणि त्यात घाणही असते. टोमॅटो आपण कोशिंबिरीत कच्चा खातो गं, सगळंच काही शिजत नाही.

दुसरं बघायचं ते तब्येत. पानं वाटीसारखी वर वळलीत, आकसून बारीक झालीत, रोप खुरटून बसलंय, तर तो बोकड्या. पांढरी माशी तो रोग एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर नेते आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. दया दाखवशील तर शेजारची मिरचीही जाईल. पानाच्या आत पांढुरके पापुद्रे दिसले, त्यात बारीक अळी दिसली, तर ती टुटा. ही परदेशी अळी २०१४ साली आपल्या महाराष्ट्रातच पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता देशभर गेली. तुमच्या मळ्यात किंवा शेजारी टोमॅटोचा प्लॉट असेल ना, तर दोन हंगामांच्या मधे आपसूक उगवलेली असली रोपं म्हणजे किडीला फुकटची धर्मशाळाच. शेतकरी ती उपटून टाकतात ते उगाच नाही. आणि गेल्या खेपेला ज्या वाफ्यात टोमॅटो-वांगी सुकून मेली, तिथलं रोपही ठेवू नकोस, मातीत मर रोग बसलेला असतो.

एवढी चाळणी लावल्यावर जी उरतील त्यातली बुटकी, जाड देठाची, गडद पानांची निवड. उंच, फिकट, वाकलेली नकोत. पोरीसाठी स्थळ बघताना उंची बघत असतील, इथं कंबर बघायची.

आता हलवायचं कसं ते सांगते. चार-पाच खरी पानं आलेली, वीतभराहून कमी उंचीची रोपं घे. दुपारच्या उन्हात हात लावायचा नाही, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. आधी बुडात पाणी घालून माती भिजव, थोड्या वेळानं जुन्या उलथन्यानं मातीच्या गड्ड्यासकट उचल. देठाला धरून ओढू नकोस, पानाला धर. पान तुटलं तर नवं येतं, देठ मोडला की संपलं. खालची दोन पानं खुडून टाक आणि देठ निम्मा मातीत जाईल इतकं खोल लाव. टोमॅटोच्या देठाला जिथं माती लागेल तिथं मुळं फुटतात, ही त्याची फार गुणाची सवय आहे. वांग्याला नाहीतर मिरचीला असं गळ्यापर्यंत पुरायला जाऊ नकोस हं. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेव. आत्ता ते परडं मोकळं-मोकळं दिसेल, सासूबाई म्हणतील जागा वाया घालवली. भाद्रपदात बघा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी रोपं मान टाकतील. घाबरून तांब्यावर तांब्या ओतू नकोस. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, वाफसा नसताना ओतलंस तर मुळं गुदमरतात. पावसाळ्यात तर वाफा वीतभर उंच कर, म्हणजे पाणी साचायचं नाही. दोन-तीन दिवसांत रोपं आपसूक ताठ होतील. मग बुडाशी उसाचं पाचट अंथर. ते आपल्याकडं मागाल तिथं मिळतं, शेतात जाळून टाकण्यापेक्षा तुझ्या परड्यात येऊ दे. त्यानं ओल टिकते, तण दबतं आणि पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडत नाही. करपा बऱ्याचदा त्या चिखलातनंच वर चढतो. खालच्या पानांवर गोल वलयांचे तपकिरी डाग दिसले की ती पानं तेवढी खुडून टाक. पाणी घालशील ते बुडात, सकाळी. पानांवरून आंघोळ नको.

आधाराला काठी आत्ताच रोव, झाड मोठं झाल्यावर रोवलीस तर मुळं तुटतील. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाड. तुझ्याकडं कामाची तार पडलेली असते ठाऊक आहे मला, पण ती वापरू नकोस, देठाला काचते. पान आणि देठाच्या बेचक्यात जी बगलफूट येते, ती बोटाएवढी असतानाच खुड. सगळी ठेवलीस तर पालाच पाला होतो. बाकी रोज झाडाजवळ जाऊन बसायची गरज नाही. सकाळी दूध तापेपर्यंत एक फेरी मार, चार पानं उलटून बघ, बास.

साधारण दोन-अडीच महिन्यांत फळ हाताला येईल. मधे काही फुलं गळतील, काही फळांचं बूड काळं पडेल. लगेच कुणाची नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळत बसू नकोस. बूड काळं पडतं ते पाणी एक दिवस धो-धो आणि चार दिवस कोरडं, असं झाल्यावर. अशा वेळी फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट पोचत नाही. पाणी सारखं ठेव, पुढची फळं चांगली येतील. आणि उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळायचीच, त्यात तुझा काही दोष नाही.

आणखी एक. आत्ताची रोपं पावसात सापडणार, करपा येणार, सगळी जगतीलच असं नाही. यंदा हाताशी काही लागलं नाही तरी हिरमुसू नकोस. दसरा झाला, पट्टणकोडोलीची यात्रा झाली, हवेत गारवा आला की दुसरी पिलावळ उगवेल, आणि ती खरी गुणाची. थंडीचे महिने टोमॅटोला मानवतात. त्यामुळं आज एखादं रोप चुकून उपटलंस म्हणून हळहळायचं कारण नाही. मातीत अजून बी आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण मला माहीत आहे तुझं कुठं अडतंय. तुला वाटतं, फुकट आलेलं उपटायचं म्हणजे उधळेपणा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला होता, तेव्हा एक-एक फोड मोजून आमटीत टाकलीय आपण. ती आठवण जात नाही. पण बघ, त्याच वर्षी सप्टेंबरात भाव असा कोसळला की नाशिककडं शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. टोमॅटोच्या भावाच्या भीतीनं परड्यात जंगल वाढवायचं नसतं. गर्दीतल्या चाळीस रोपांपेक्षा हवेशीर चार रोपं जास्त फळ देतात. आणि त्या चाळीसांना पाणी कोण घालणार? नवरा? सांगितलं कुणी?

तुझं असंच होतं बघ, मी ओळखते तुला. समोर आलं ते सगळं अंगावर घेतेस. शेजारणीचे पैंजण जोडून दे, नणंदेच्या पोरीचा अभ्यास घे, भिशीचा हिशेब ठेव. कुणी लादत नाही, आपसूक येतं, आणि तू नाही म्हणत नाहीस. आपल्या पायानं आलेली लक्ष्मी वगैरे सगळं खरं, पण कुठलं सांभाळायचं हे घरधनीणच ठरवते. चार रोपांवर हे शीक, मग बाकीचंही जमेल.

उपटलेल्यांतली चांगली रोपं वाया जात नाहीत. दही खाऊन रिकाम्या झालेल्या डब्यात माती भरून शेजारणींना वाट. कुणी घेतली नाहीत तर निरोगी रोपं खताच्या खड्ड्यात टाक. फळं आल्यावर हिरवीच थोडी तोड, तव्यावर तेलात परत, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून जाडसर ठेच. भाकरीबरोबर ती चटणी असली की भाजी नसली तरी चालतं. आणि एखाद्या झाडाची चव सासूबाईंना त्यांच्या माहेरची वाटली, तर त्याचं पहिलं चांगलं फळ खाऊ नकोस, झाडावर पूर्ण पिकू दे. मग त्याचा गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू दे, धुऊन बी ताटलीत सावलीला वाळव आणि कागदाच्या पुडीत नाव घालून ठेव. पुढच्या वर्षी मग तूच ठरवशील कुठं लावायचं.

चल, आता ऊठ. आज संध्याकाळी पाऊस उघडला की उलथनं घेऊन परड्यात जा. चार निवड, लाव, काठ्या रोव, बाकीची काढून टाक. आणि उपटताना मला मात्र फोन करू नकोस हं. तू एकेकाचं वर्णन करून सांगायला लागलीस की माझाही जीव खाली-वर होतो, आणि मी म्हणून बसेन, "अगं, एवढं एक राहू दे!"